घुंडी हलली नाही

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, हातानं रोल भरायचा. लातूरच्या गुलाम रसूल चाचांच्या स्टुडिओत आता काचेमागे बसून असतो. समोर कोचिंगच्या फॉर्मसाठी पोरापोरींचे फोटो मिनिटात निघतात. माझी कुणाला गरज नाही. पण एक गोष्ट मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

माझ्यात रोलचं टोक उजव्या फिरकीत नीट खोचावं लागतं. मग लिव्हर ओढली की डावीकडची घुंडी आपोआप फिरते. ती फिरली, तरच रोल पुढं सरकतोय असं समजायचं. चाचांना मात्र छत्तिसाच्या रोलातून अडतीस फोटो काढायची भारी हौस! म्हणून रोल वाचवायला ते टोक जेमतेम अडकवायचे.

त्र्याण्णवच्या विसर्जनाला आम्ही किल्लारीला गेलो. मिरवणुकीच्या घाईत चाचांनी रोल भरला आणि घुंडीकडे पाहिलंच नाही. पहिल्याच ओढीला टोक निसटलं. मला कळलं, पण मला तोंड कुठं आहे?

तिथं सिंधू नावाच्या मुलीनं चाचांना आपल्या घरी नेलं. तिचं लग्न ठरलं होतं. सासरी न्यायला तिला आईचा एक फोटो हवा होता. तिची आई, सुभद्राबाई, जन्मात कधी कॅमेऱ्यासमोर बसल्या नव्हत्या.

"नगं बाई, फोटू काढला की आयुष्य घटतंय."

"काय होत न्हाई. माझ्यासाठी बस," म्हणत सिंधूनं त्यांना ओट्यावर बसवलंच.

माझ्या खिडकीत आधी एकाच चेहऱ्याचे दोन दिसतात; चाचांनी रिंग फिरवून सुभद्राबाईंचे ते दोन चेहरे एकमेकांवर आणले. खट्! घुंडी जागची हलली नाही.

माझ्यावरचा फोटोंचा आकडा चाळिशीला गेला तरी लिव्हर ओढली जातच होती, तेव्हा चाचा चरकले. घरी येऊन त्यांनी मला उघडलं. अख्खा रोल त्याच्या डबीतच गुंडाळलेला होता, एकही फोटो उमटला नव्हता.

"उद्या जाऊन पुन्हा काढतो," ते स्वतःशीच म्हणाले. "म्हातारी कुठं जाती?"

पहाटे जमीन हलली. मी फळीवरून खाली पडलो. किल्लारीत तो ओटा राहिला नाही, सुभद्राबाईही राहिल्या नाहीत.

महिन्यानं सिंधू दारात उभी राहिली. "चाचा, मीच मारलं तिला. नगं म्हनत हुती, मीच बसवलं."

चाचांनी ती डबी तिच्या हातात ठेवली. "बेटी, फोटो निघालाच न्हाई. माझी चूक हाय."

"म्हंजे फोटूनं न्हाई गेली ती?" तिनं सुटकेचा निःश्वास सोडला. मग डबी उलटसुलट करत बघत राहिली आणि एकदम रडू लागली. "पर चाचा, आता तिचं तोंड कुठं बघू?"

ते तोंड मी पाहिलं होतं, मित्रांनो. पण दाखवायला माझ्याजवळ काही नव्हतं. कधी माझ्यासारखा एखादा तुमच्या हाती आला, तर लिव्हर ओढताना डाव्या घुंडीकडे बघा. ती हलली नाही, तर समोरच्या माणसाला उठू देऊ नका.