सॉर्टरच्या खोलीतला होम

त्या दसऱ्याला खुशालच्या पदरात तीन गोष्टी पडायच्या होत्या, त्याही एकाच पाटावर बसून. बँकेच्या साहेबांदेखत तो राइस मिलचा एकटा मालक ठरणार होता. त्या जोरावर नव्या मशीनचं कर्ज त्याच्या एकट्याच्या सहीनं निघणार होतं. आणि लेकीच्या सासऱ्यांना, पवनीच्या व्याह्यांना धनीरामजींना, आपण सून कोणत्या घरातून आणली हे एकदाचं कळणार होतं. चौथी गोष्ट त्यानं कोणाला सांगितली नव्हती. थोरल्या भावाची विधवा सत्यभामाबाई त्याच दिवशी मिलमधून कायमची पुसली जाणार होती.

अड्याळची ही मिल दोघा भावांनी उभारली होती. सख्ख्या भावांत कागद कशाला, म्हणून भागीदारीचा कागद झालाच नाही. थोरला केवळराम दोन वर्षांमागं गेला. त्याची तेरवी आटोपली न आटोपली तोच खुशालला आठवलं, की भाऊ तर नुसता देखरेख करायचा. सत्यभामाबाई सांगत फिरली, अर्धी मिल माझी. गाव हो म्हणायचं आणि खुशालकडं चहाला जायचं.

आमंत्रण द्यायला खुशाल स्वतः आला. "वयनी, पूजेले या. पण पाहुण्यासारखं यायचं अन् पाहुण्यासारखं जायचं. साहेबासमोर हिश्श्याची गोष्ट काढाची नाही."

"नाही काढत, भाऊजी. पाहुणीनं कायले बोलावं?"

दोन वर्षं जी बाई वाघिणीसारखी बोलली ती आज एवढी गोड का, हे त्याच्या ध्यानात यायला हवं होतं. पण तो पुढच्या घरी आमंत्रण द्यायला निघालाही होता.

तांदळातून काळा दाणा निवडून काढणारं सॉर्टर मशीन एका बंद खोलीत होतं. तिथं केवळरामनं आग विझवायचा गॅस बसवून घेतला होता. पाण्यानं आग विझते पण मशीन मरते, गॅसनं आग विझते अन् मशीन वाचते, असं तो म्हणायचा. छताला धूर ओळखणारी यंत्रं, कोपऱ्यात दोन लाल सिलेंडर, दाराबाहेर एक पेटी. धुरानं गॅस आपोआप सुटू नये म्हणून दसऱ्याला साधी अगरबत्ती लावायची तरी तो आधी पेटीतली चावी फिरवायचा. त्याच्यामागं हे काम सत्यभामाबाई करत आली. खुशालला वाटायचं, वयनी पेटीले नमस्कार करते.

यंदा अगरबत्तीवर साहेब कसे भुलणार? खुशालनं खोलीतच होम मांडला. सत्यभामाबाई दाराशी उभी राहिली, चावी हाताच्या अंतरावर. तिला काही करायचं नव्हतं. फक्त करायचं राहू द्यायचं होतं.

तुपाचा धूर छताला लागला आणि भोंगा बोंबलायला लागला.

"आता गॅस सुटते, बाहेर निघा सगळे," सत्यभामाबाईनं खणखणीत सांगितलं. जीव तिला कोणाचाच घ्यायचा नव्हता. साहेब निघाले, पंडितजी ताट घेऊन निघाले, धनीरामजी चप्पल सोडून निघाले. शेवटी खुशाल.

"वयनी, हे बंद कसं कराचं?"

भोंगा वाजत असताना दाबून धरलं की गॅस सुटायचा थांबतो, ते पेटीवरचं बटण नेमकं तिच्या पाठीला टोचत होतं.

"मले काय माहीत, भाऊजी? मी तं पाहुणी."

आत स्फोटासारखा आवाज झाला. खोली पांढरीधोप झाली. होम विझला आणि हळदीकुंकू उडून दारातून धनीरामजींच्या सदऱ्यावर आलं.

गॅस बसवणाऱ्या निकेशला फोन लावला. तो म्हणाला, दोन्ही सिलेंडर भरावे लागतील, तीन लाखांच्या आसपास धरा. खुशालचा चेहरा उतरला. भाऊ होता तोवर मिलचा प्रत्येक खर्च अर्धा वाटला जायचा, आणि तीच सवय आत्ता जिभेवर आली.

"अर्धे वयनीवर पडतीन."

"माह्यावर काहून? मी कोण?"

"कोण म्हंजे? अर्धी मिल भावाची नोहोती का? हिस्सा मांगाले पुढं, अन् खर्चाले मागं?"

साहेबांनी नाकावरचा रुमाल खाली घेतला. "खुशालजी, आम्हाला तर तुम्ही एकटेच मालक म्हणून सांगितलं होतं."

धनीरामजी खोकले. गॅस तोवर विरला होता.

"माझे अर्धे मी उद्याच भरते," सत्यभामाबाई शांतपणे म्हणाली. "साहेब, तुमच्याच बँकेतून. भाऊजी काय बोलले ते तुम्ही अन् व्याह्यांनी ऐकलंच."

व्याह्यांसमोर निघालेला शब्द खुशालला गिळता येईना. कर्ज दोन सह्यांशिवाय मिळेना. दिवाळीआधी भागीदारीचा कागद झाला, साक्षीदार धनीरामजी.

आता कोणी काय भरलं ते पाहा. गॅसचे अर्धे पैसे खुशालनं भरले, वर गिळलेली अर्धी मिल ओकली. अर्धे सत्यभामाबाईनं भरले, सोन्याची पोत मोडून, आणि ते तिला स्वस्त वाटले. सिलेंडर भरून येईपर्यंत आगीच्या धास्तीनं मिल बंद होती. तेवढ्या दिवसांची मजुरी मागायला तांदूळ पाखडणारी गिरजाबाई आधी खुशालकडं गेली. तो म्हणाला, वयनीले विचार. ती सत्यभामाबाईकडं गेली.

"बंद मिलची मजुरी कोणी देते का, गिरजाबाई?" नवी भागीदारीण म्हणाली.

यावर दोन्ही भागीदारांचं एकमत झालं.