ओळीत उभे अकरा

दर रविवारी सकाळी साडेपाचला आमच्या कुवासावा वस्तीतली अकरा धडधाकट माणसं नदीकाठच्या मैदानावर टाचेवर गर्रकन वळायचा सराव करतात. हे आमचं आग विझवणारं पथक. मैदानावर आग नसते, एक लाकडी फळी असते. ओळीत उभं राहायचं, क्रमांक ओरडायचे, सलाम ठोकायचा, प्रमुख 'सुरू' म्हणाला की पळायचं, पाइप उलगडायचा आणि पाण्याच्या फवाऱ्याने फळी पाडायची. मग पुन्हा ओळ, पुन्हा सलाम. जिल्ह्याच्या स्पर्धेत पळण्याला गुण असतात तसे वळण्यालाही असतात, आणि गेल्या वर्षी आम्ही वळण्याच्या जोरावर ढाल जिंकून आणली. ती सभागृहात काचेच्या कपाटात आहे. तिच्यावरची धूळ पुसायच्यासुद्धा पाळ्या लावल्या आहेत.

बायका पाळीपाळीने भाताचे गोळे करून आणतात आणि पुरुषांच्या मागे उभ्या राहून टाळ्या वाजवतात. यातल्या कुणालाही एकट्याला गाठून विचारा. तो इकडेतिकडे बघून म्हणेल, "मला तर जाम कंटाळा आलाय हो, पण बाकीच्यांना हवंय ना!" कुणालाच नको असलेली ही गोष्ट सगळे मिळून वीस वर्षं करत आलेत.

मी हेइता, इथला निवृत्त पोस्टमन. पथकातून वयामुळे सुटलो, वस्तीतून मात्र सुटलेलो नाही. माझ्या शेजारी तामोत्सु राहतो. लाकडाच्या गिरणीत कामाला आहे, वय चौतीस. पथकात पहिल्या क्रमांकावर तो, म्हणजे पाइपचं तोंड धरून सर्वांत पुढे पळणारा. त्याच्यासारखा पळणारा जिल्ह्यात नाही. लोक बघत असले की आणखी जोरात पळतो.

गेल्या मे महिन्यात सभागृहात बैठक भरली होती. वस्तीच्या टोकाला एकटी राहणारी विधवा फुसा आजी, वय अठ्ठ्याहत्तर, मध्येच उठून उभी राहिली.

"काय रे ओगिवारा," ती थेट पथकप्रमुखालाच म्हणाली, "आग काय परीक्षक असते का, तुमचं वळणं बघून गुण द्यायला? माझ्या दारासमोरच्या, आगीसाठी ठेवलेल्या पाण्याच्या टाकीचं झाकण गंजलंय. दोघांनी ओढलं तरी हलत नाही. ते आधी बघा!"

मला हसू आलं. बऱ्याच जणांना आलं. पण आम्ही सगळ्यांनी आधी ओगिवाराच्या तोंडाकडे पाहिलं. ते लाल झालेलं दिसताच सगळ्यांचं हसू आटलं आणि आम्ही चटईची वीण निरखू लागलो.

आठवड्याभरात निरोपाची पाटी घरोघर फिरली. 'वस्तीचा एकोपा बिघडवल्याबद्दल' फुसा आजीला वाळीत टाकायचं, असा कागद पाटीवर होता. खाली प्रत्येक घराने शिक्का मारायचा. माझ्याकडे पाटी आली तेव्हा पंधरा शिक्के पडले होते. मी सोळावा मारला. का? पंधरा होते म्हणून. दुसरं कारण शोधूनही सापडत नाही. तामोत्सुने सतरावा मारला, तेव्हा त्याची बायको चिझुरू त्याला काय म्हणाली ते भिंतीपलीकडून मला स्पष्ट ऐकू आलं.

"अहो, लहानपणी त्या बाईच्या घरी जेवायचात ना तुम्ही?"

"अगं, सगळ्यांनीच मारलाय. माझ्या एका शिक्क्याने काय होणार आहे?"

"मग मारलात कशाला?"



वाळीत टाकण्याची आमची रीत जुनी आहे आणि आम्हाला तिचा अभिमान आहे. माणसामाणसांतले व्यवहार दहा. त्यांतले आठ तोडायचे: बोलणं, बोलावणं, लग्न, बारसं, आजारपण, सगळं. दोन मात्र ठेवायचे. आग लागली तर धावायचं आणि मेला तर खांदा द्यायचा. आम्ही काही राक्षस नाही, असं आम्ही एकमेकांना सांगतो ते याच दोहोंच्या बळावर.

सहा महिने पाटी फुसा आजीचं घर ओलांडून पुढे गेली. ती दिसली की लोकांना बुटाची नाडी बांधायची आठवण व्हायची. नोव्हेंबरात तिने दरवर्षीसारखी सोललेली पर्सिमनची फळं सुकायला वळचणीला दोरीने टांगली. दरवर्षी घरोघर वाटायची. यंदा तेवढीच टांगली, कोणासाठी ते तिलाच ठाऊक.

त्याच महिन्यात एका मंगळवारी दुपारी दोन वाजता तिच्या घरातून धूर निघाला. स्वयंपाकघरातली रॉकेलची शेगडी कलंडली होती.

पहिला पोचला तामोत्सु. गिरणीतून धावत आला, पथकाच्या खोलीतला पंपाचा गाडा त्याने एकट्याने ओढत आणला. टाकीचं ते झाकण, दोघांना न हलणारं, त्याने एकट्याने उचकटून फेकलं. पंप सुरू केला, पाइप जोडला, तोंड हातात घेऊन दारापर्यंत गेला. आतून खोकल्याचा आवाज येत होता. "आजी, खाली वाका! आलोच मी!" असं तो ओरडला. फक्त मागे वळून पंपाजवळची झडप उघडायची राहिली होती. ती उघडायला तो मागे धावला, तेवढ्यात बाकीचे आले.

नऊ जण आले. उपप्रमुख मिनेओ म्हणाला, "तामोत्सु, थांब रे. प्रमुख येऊ देत. ओळीत ये."

आणि तामोत्सु ओळीत गेला. पहिल्या क्रमांकाच्या जागेवर, टाच टाचेला लावून, पाइपचं तोंड काखेत धरून उभा राहिला. मी रस्त्यापलीकडे उभा होतो. मलाही पाय होते, हात होते. मला वाटलं, इतका सराव केलेले लोक आहेत, कुणीतरी उघडेलच झडप. नंतर कळलं की त्या दहा जणांतल्या प्रत्येकाला नेमकं हेच वाटत होतं. कुणी हळूच डोळे फिरवून दुसऱ्याकडे बघायचा, दुसरा स्थिर दिसला की तोही स्थिर व्हायचा. पंप धडधडत होता.

ओगिवारा सात मिनिटांनी आला. पांढरे हातमोजे सापडत नव्हते, म्हणे. त्याने टोपी सरळ केली. क्रमांक घेतले. एक, दोन, तीन. सलाम झाला. "सुरू!" पाणी अचूक बसलं. वळणं तर अप्रतिम झालं. आतला खोकला कधी थांबला, ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

चिझुरू तालुक्याच्या गावी वृद्धाश्रमात कामाला आहे. ती संध्याकाळी परतली. तामोत्सु पायरीवर बसला होता, अंगावर गणवेश तसाच.

"तुम्ही पहिले पोचलात?"

"हो."

"पंप सुरू केलात?"

"हो."

"आत जिवंत होती ती?"

"हो."

"मग?"

"मग बाकीचे आले."

 चिझुरूने आत जाऊन दार लावून घेतलं.

अंत्यविधीला आम्ही सगळे दहा मिनिटं आधी हजर होतो. इस्त्रीचे काळे कपडे घालून चोवीस घरांची माणसं रांगेने अगरबत्ती लावून गेली. ठेवलेल्या दोन व्यवहारांतला एक तरी आम्ही चोख पाळला. ओगिवाराचे डोळे पाणावले होते. त्याला बघून मग इतरांचेही पाणावले.

तिसऱ्या दिवशी सभागृहात अहवालावर शिक्के मारायचे होते. 'पथकाने तत्परतेने कार्यवाही केली. वृद्धेला वाचवणे शक्य नव्हते.' दहा शिक्के पडले. तामोत्सुने कागद पुढे सरकवला.

"मी मारणार नाही."

"अरे, तुझ्या एकट्यावर कोण ठपका ठेवतंय?" ओगिवारा मायेने म्हणाला. "अकरा जणांत वाटलं तर वाट्याला येतं तरी किती?"

"वाटायचं नाही," तामोत्सु म्हणाला. "मला माझं सगळं हवंय. मी दारात होतो. तिला 'आलोच' म्हणालो होतो, आणि तुम्ही लोक आलात म्हणून थांबलो. हेच लिहा. लिहिणार नसाल तर मी तालुक्याला जाऊन लिहून देतो."

 सगळ्यांनी आधी ओगिवाराच्या तोंडाकडे पाहिलं, मग चटईकडे. मीही तिथे होतो. चटईची वीण आता मला पाठ झाली आहे.

तामोत्सुने दुसऱ्याच दिवशी जाऊन लिहून दिलं. चार दिवसांनी तामोत्सुला वाळीत टाकायची नवी पाटी निघाली. कारण तेच: एकोपा बिघडवला. माझ्या हाती आली तेव्हा तिच्यावर पंधरा शिक्के होते, सोळावी जागा रिकामी. सवयीने मी खणातून शिक्का काढला, शाई लावली. हात खाली जाईना. म्हातारपणी हे सुचलं याची शरम वाटते. सहा महिने आधी सुचायला हवं होतं.

पाटी तीन दिवस माझ्याकडेच आहे. पलीकडचा शेजारी दोनदा दारात येऊन खाकरून गेला. "हेइतासान, सगळे खोळंबलेत हो," असं काल म्हणालासुद्धा. खोळंबू देत. सोळाव्या जागी मी शिक्का मारलेला नाही, 'नाही' असं लिहून खाली माझं नाव घातलं आहे. उद्या रविवार. साडेपाचला ती अकरा माणसं, आता दहा, मैदानावर जमतील, बायका भाताचे गोळे घेऊन उभ्या असतील. सगळे बघत असताना मी ही पाटी ओगिवाराच्या हातात देणार आहे, आणि तिथूनच चालत तामोत्सुच्या दारात जाणार आहे.  हे पाय आता ओळीत उभे राहणार नाहीत.