डाव्या हाताची साखर

एक जुना नादकाटा.

परातभर दाबून भरलेला बर्फ.

बादलीत टाकलेली, इन्सुलिन टोचायची सव्वीस पेनं.

ओडेटच्या कोटाच्या खिशात साबणाची वडी.

अमेरिकेत, व्हरमाँटमधल्या एका चर्चच्या तळघरात मार्चची मेजवानी रंगली होती. मेपलच्या झाडाच्या रसाचा उकळता पाक बर्फावर ओतायचा, आळला की बोटांनी उचलून खायचा, वर आंबट काकडी. मधुमेह बरा करतो म्हणणारा ब्रदर कॉलविन आधी सगळ्यांना पोटभर खाऊ घाली, मग बोट टोचून साखर मोजी. तीनशेच्या वर. मग झंकारता नादकाटा नडगीवर टेकवी. "हाडं बोलतात, मंडळी. स्वादुपिंडाला निरोप धाडतात." शेवटी आशीर्वादाच्या कोमट पाण्यात हात धुवायचे आणि पुन्हा मोजायचं. दीडशे. लोक रडत आणि आपलं पेन बादलीत टाकत.

गेल्या मार्चमध्ये ओडेटच्या बहिणीनं, लुसीलनं टाकलं. नऊ दिवसांत ती गेली. ओडेट शाळेत जीवशास्त्र शिकवायची. लुसीलचं साखर मोजायचं यंत्र तिनं घरी आणलं आणि वर्षभर स्वतःचीच बोटं टोचली.

आज शेजारचा रोलंड पेन घेऊन बादलीपाशी उभा होता.

"थांब, रोलंड."

"इथं शाळा भरवू नकोस, ओडेट. आकडा उतरला, तूही पाहिलास."

"पाहिला. पाच मिनिटं दे. मग खुशाल टाक."

तिनं डावं बोट बर्फावरच्या गार पाकात बुडवून पुसलं, उजवा हात नळाखाली साबणानं धुतला आणि दोन्ही पुढे केले.

"मोजा, ब्रदर."

"तुम्हाला मधुमेह आहे का, बाई?"

"तेच तर विचारतेय."

सगळे बघत होते, मोजावं लागलं. डावं, तीनशे अठरा. उजवं, ब्याण्णव.

"म्हणजे माझ्या डाव्या हातालाच मधुमेह?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"तुमची श्रद्धा डळमळते आहे," कॉलविन म्हणाला.

"श्रद्धा दोन्ही हातांत सारखीच आहे. पाक एकाच हाताला आहे."

रोलंडनं पेन खिशात ठेवलं. मग आपापलं पेन परत घ्यायला एकेक हात बादलीत शिरू लागला. कॉलविन दाराकडे सरकला, तर दारात रोलंड.

"माझ्या बहिणीचं नाव सांगा आणि जा," ओडेट म्हणाली.

"आठवत नाही."

"शेरीफना आठवतं. जिन्यातच उभे आहेत. मीच बोलावलंय."

त्याचा चेहरा उतरलेला तिनं डोळे भरून पाहिला. मग वर्गात बोलायची तशी सगळ्यांकडे वळली.

"हाडं निरोप धाडतात, हे खरं आहे. ऑस्टिओकॅल्सिन नावाचं संप्रेरक हाडांतून रक्तात येतं. उंदरांमध्ये त्यानं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन करतं, असं दिसलंय. माणसांमध्ये किती, ते अजून तपासताहेत. पण ते नादकाट्यानं झंकारत नाही. मोजण्याआधी हात धुवा. डॉक्टरला विचारल्याशिवाय इन्सुलिन सोडू नका."

लुसीलला पाक काट्या-चमच्यानं खायला आवडत नसे; ती बोटांनीच खाई.