चिलीमार्गे आलेली गाडी

"अहो दॉन सिरिलो, स्टिअरिंग त्या बाजूला आहे!" जुन्या गाड्या विकणाऱ्या निमिया बाई हसत म्हणाल्या.

मी उजवीकडचं दार उघडून आत बसलो होतो. खाली उतरलो. पुन्हा बसलो. दारावर धरायला कडी होती, ती धरून उठून पाहिलं. सीट बरोबर कमरेला येत होती. बसताना वाकावं लागत नव्हतं आणि पाय उचलून चढावंही लागत नव्हतं.

"काय रे, तुझे कोंपाद्रे गाडी घ्यायला आलेत की फिरायला?" बाईंनी सेनोनला विचारलं.

सेनोन माझ्या मुलीचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता. त्यामुळे आम्ही एकमेकांना कोंपाद्रे म्हणतो. एरवी तो बाईंना सोडता ना. पण तेव्हा तो खाली बसून टायर बघत राहिला. त्याला माहीत होतं मी काय करतोय. मलाच कळायला वेळ लागला.

माझ्या बायकोचे, लिब्रादाचे, गुडघे गेलेले होते. शेजाऱ्यांच्या बुटक्या गाडीतून उतरताना ती म्हणायची, "मला विहिरीतून काढल्यासारखं काढतात हे लोक." आम्ही ठरवलं होतं, एक उंच गाडी घ्यायची. नवी नको, वापरलेली चालेल. मग दर ईस्टरला तिच्या माहेरी जायचं, पोत्रेरोईला. डांबरी रस्त्यावर बस सोडते, पण पुढे सगळी लाल माती. ते ठरवलेलं तसंच राहिलं आणि ती गेली. आईशेजारी पुरा म्हणाली होती, म्हणून माहेरीच पुरली. मला ती इथे, ओव्हिएदोत, रोज चालत जाता येईल अशा ठिकाणी हवी होती. पण तिचा शब्द होता.

येत्या रविवारी तिला वर्ष होणार होतं. आमच्याकडे वर्षाला कबरीवरच्या क्रुसाचं कापड बदलतात. भरतकाम केलेलं पांढरं कापड असतं, क्रुसाच्या दोन हातांवरून सोडून बांधायचं. ते घरच्या माणसाने बांधायचं. पुरून आल्यापासून मी तिकडे गेलो नव्हतो. जायला काही नव्हतं. मेव्हणा आर्सेनियो फोनवर म्हणाला होता, "दाजी, या वयात कशाला हाल करून घेता? आम्ही बांधू." तो चांगल्या मनानेच म्हणाला. पण ते कापड मला माझ्या हाताने बांधायचं होतं. गाडी त्यासाठी हवी होती, आणि रविवारच्या आत हवी होती.

तर असा मी, बायको नसताना बायकोच्या सीटवर चढ-उतार करत होतो.

"एकट्या माणसाला ही कशाला?" निमिया बाई म्हणाल्या. "ती पांढरी छोटी घ्या. पेट्रोल कमी पिते."

"ती चिखलात बसेल."

"चिखलात कशाला जाता? घरी बसा, तेरेरे प्या."

"एकट्याने तेरेरे पिऊन पाहिलाय का बाई?" मी म्हणालो. "ओतणाराही मी, पिणाराही मी. पेला कुणाला द्यावा कळत नाही."

यर्बाच्या पाल्यावर गार पाणी ओतायचं आणि एकच पेला आळीपाळीने फिरवायचा, तो आमचा तेरेरे. मग सेनोन उठला, हात झटकले आणि भाव करायला लागला. तो भाव करतो तेव्हा माणूस रडकुंडीला येतो. "ही काय गाडी आहे बाई? अर्धं आयुष्य जपानात गेलं, उरलेलं चिलीच्या बंदरात गंजत. उजव्या हाताची गाडी तुमच्या कारागिरांनी डाव्या हाताची केली. ऑपरेशन झालेल्या बाईला कुमारी म्हणून खपवताय!"

"जिभेला हाड नाही मेल्याच्या!" बाई म्हणाल्या, पण हसल्या, आणि सौदा झाला.

खरं तर आमच्याकडच्या निम्म्या गाड्या अशाच असतात, चिलीमार्गे आलेल्या. स्टिअरिंग इकडे आणतात, पेडल इकडे आणतात, बाकी बरंच तिकडेच राहतं. उजव्या बाजूला पायाखालचा गालिचा टाचेच्या जागी झिजलेला होता. कुणीतरी जपानी माणूस तिथे बसून वर्षानुवर्षं ही गाडी चालवत होता. आता तिथे नुसतं बसायचं.

शनिवारी सेनोन म्हणाला, "मी येतो बरोबर."

"नको."

"नको तर नको. पण वायपरचं लक्षात ठेवा, कोंपाद्रे."

दिवे आणि वायपर यांच्या दांड्या जपानातल्यासारख्याच उलट्या होत्या. रविवारी सकाळी ओव्हिएदो सोडताना वळायला दांडी दाबली, तर कोरड्या काचेवर वायपर करकरायला लागले. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला वाटलं मी हात करतोय. त्यानेही केला.

"बघितलंस?" मी उजवीकडे वळून म्हणालो.

मग बराच वेळ समोर बघून चालवली.

रात्री पाऊस झाला होता. डांबर संपतं तिथे रस्त्यावर साखळी लावलेली होती आणि तिला कुलूप. पाऊस पडला की मातीचा रस्ता बंद करतात. ओल्यावरून गाड्या गेल्या तर महिनाभर कुणालाच जाता येत नाही. साखळीवाला बाभळीखाली खुर्ची टाकून बसला होता.

"दहाला प्रार्थना आहे," मी म्हणालो. "बायकोचं वर्ष आहे माझ्या."

त्याने टोपी काढली. "देव तिचं भलं करो. पण साखळी नाही काढता येत."

"गाडी उंच आहे."

"उंचच गाड्या रस्ता खातात, काका. बुटक्या इथे येतातच कुठे? ऊन आलंय. माती उडायला लागली की काढतो." त्याने दुसरी खुर्ची पुढे केली. "बसा. तेरेरे घ्या."

बसलो. पेला त्याच्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून त्याच्याकडे. ओतायला दुसरं कुणी होतं, एवढ्यानेच बरं वाटलं. मधूनमधून तो उठायचा, टाचेने माती दाबायचा आणि मान हलवून परत यायचा.

आर्सेनियोचा फोन आला. मागे बायका माळ जपत होत्या, ते ऐकू येत होतं.

"दाजी, कुठे आहात?"

"साखळीपाशी."

"अरेरे. फादरना पुढच्या गावी जायचंय हो. त्यांच्यासमोरच बांधायला हवं ना. काय करू?"

काय सांगणार? देवाच्या माणसाला माझ्यासाठी थांबवू? लिब्रादाने मला झापलं असतं.

"बांध," मी म्हणालो. "फादर आहेत तोवर बांधून घे."

फोन खिशात ठेवला. साखळीवाल्याने सगळं ऐकलं होतं.

"आता परत जाल?" त्याने विचारलं.

गाडीकडे पाहिलं. मागच्या सीटवर कागदात गुंडाळलेलं कापड होतं. परत जायला डांबर होतं, ऊन होतं, जेवायच्या वेळेला घरी. घरी जाऊन काय करायचं, ते मात्र मला काही केल्या सुचेना.

"नाही," मी म्हणालो. "तुम्ही साखळी काढाल तेव्हा जाईन."

ती काढली तेव्हा जेवणवेळ उलटून गेली होती. खालची माती अजून ओलीच होती. गाडी दोनदा आडवी गेली, एकदा माझ्या मनासारखी वळलीच नाही. एका उतारावर तर मी मोठ्याने शिव्या दिल्या, बायकोच्या कबरीला निघालेला माणूस असून. पण ती पोचली.

स्मशानाच्या फाटकाशी कुणी नव्हतं. आत कबरीपुढे मेणबत्त्या वितळून सपाट झाल्या होत्या. क्रुसावर नवं कापड होतं, आर्सेनियोच्या बायकोने भरलेलं, कडेला नाजूक जाळी, गाठीची फुलं केलेली. सुंदर होतं. मी माझं कापड कागदातून काढलं. बाजारातलं, साधं. हातात धरून उभा राहिलो.

आर्सेनियो गाडीचा आवाज ऐकून धावत आला. शर्ट अजून प्रार्थनेचाच. माझ्या हातातलं कापड बघून तो पुढे झाला आणि क्रुसावरची गाठ सोडायला लागला.

"राहू दे," मी म्हणालो. "तुझ्या बायकोने डोळे फोडलेत त्यावर."

"पण दाजी, हक्क तुमचा—"

"राहू दे म्हटलं ना. क्रूस धर फक्त. हलतोय."

त्याने क्रूस दोन्ही हातांनी धरला. मी त्यांच्या कापडाखालून माझं घातलं आणि दोन्ही टोकं आवळली. मला फुलांची गाठ येत नाही. मी यर्बाच्या गिरणीत जन्मभर पोती बांधली. एकच गाठ येते. तीच मारली, आणि सवयीने मुठीवर गुंडाळून एक हिसका दिला.

आर्सेनियोने बोटाने ती चाचपली. "ही काही सुटायची नाही, दाजी. पुढच्या वर्षी सुरी लागेल."

"आणीन," मी म्हणालो.

वारा सुटला. वरचं कापड उडत होतं, जाळीची टोकं आर्सेनियोच्या बाहीला लागत होती. माझं हललं नाही.