ओडेसासाठी लिहिलेली चौदा पानं

ओडेसा प्रुइट गेली आणि तिच्यावर बोलायचा मान मला मिळाला. मिळाला कसला, मी तो ओढून घेतला. सव्वीस वर्षं आमची टेबलं समोरासमोर. काम एकच: ज्यांना वकील परवडत नाही, त्यांची बाजू सरकारी पगारावर मांडायची. ती खटले जिंकायची, मी तिच्या ड्रॉवरमधली बिस्किटं संपवायचो. तुरुंगातून सुटलेल्यांच्या राहण्यासाठी आमच्या गावात संस्था आहे, तिची ती अध्यक्ष आणि मी विश्वस्त. म्हणजे बैठकीत तिने माझं नाव घेतलं की दचकून हात वर करणारा.

आमच्याकडे वकील गेला की कोर्ट भरवून श्रद्धांजली वाहतात. न्यायाधीश झगा घालून बसतात, स्टेनो शब्दन् शब्द टिपते आणि तो कागद कायमचा दप्तरी जातो. कायमचा! मी चौदा पानं खरडली. बायकोने वाचली आणि म्हणाली, "गस, यात ओडेसा येते कधी?"

"नवव्या पानावर," मी म्हणालो.

आदल्या दिवशी लमाँट बिगर्स ऑफिसात आला. संस्थेचं स्वयंपाकघर तोच सांभाळतो. नऊ वर्षांपूर्वी तो माझा अशील होता आणि मी त्याला अशा काही शिताफीने वाचवलं, की त्याला बारा वर्षांची सजा झाली. साक्षीदाराने भलताच माणूस ओळखला होता. हे ओडेसाने शोधून काढलं आणि चार वर्षांनी त्याला सोडवलं.

"पेट्रोस्कीसाहेब, उद्या मला दोन मिनिटं द्या ना."

"प्रुइटबाईंवर बोलायचंय?"

"हो, आणि माझंही थोडं आहे. त्या कोर्टाच्या कागदांत सरकारी वकील माझ्याबद्दल दीड दिवस बोललाय. माझं एकच वाक्य आहे, 'नाही, युवर ऑनर.' सुटकेचा हुकूमही टपालाने आला, कोर्टात कुणी बोलावलंच नाही. तिथे एकदा माझं म्हणणं नोंदवलं जायला हवं हो. बाई म्हणाल्या होत्या, करू काहीतरी. आणि त्याच गेल्या."

"वक्त्यांची यादी भरलीये रे. पण बघू."

माझ्या 'बघू'चा अर्थ माझ्या अशिलांना पाठ आहे. "बरं," म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी कोर्ट खच्चून भरलं होतं. मी सवयीने बचावाच्या टेबलाशी जाऊन बसलो. लमाँट आला आणि शेजारच्या खुर्चीत बसला. नऊ वर्षांपूर्वी त्याच खुर्चीत बसायचा तो. न्यायाधीश हॉल्डेनबाईंनी प्रास्ताविक केलं आणि विचारलं, "यादीबाहेरच्या कुणाला बोलायचंय का?"

लमाँट उभा राहिला. आणि माझा हात आपोआप गेला हो! अशील उभा राहिला की धर बाही आणि ओढ खाली, दुसरं केलंय काय आयुष्यभर?

"बस खाली! एक शब्द बोलू नकोस. बोलायचं ते मी बोलतो."

समोरचा माइक चालू होता. स्टेनोची बोटं चालली होती. मग मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

हॉल्डेनबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मिस्टर पेट्रोस्की, आज खटला नाहीये. हे वाक्य नोंदीतून काढू का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संस्थेच्या प्रत्येक बैठकीत ओडेसा पहिली दहा मिनिटं तिथे राहणाऱ्या एकाला बोलायला द्यायची, आणि विश्वस्तांनी तोंड बंद ठेवायचं. ती दहा मिनिटं मी डुलक्या काढायचो. एकदा ती म्हणाली, "गस, तू त्यांच्या वतीने इतकं छान बोलतोस! एकदा त्यांनाही विचार, त्यांना काय सांगायचंय." मला वाटलं कौतुक करतेय. घरी जाऊन बायकोला सांगितलंही, गाढवासारखं.

"राहू द्या, युवर ऑनर," मी म्हणालो. "खरं आहे ते. आणि माझा वेळ मिस्टर बिगर्सना द्या."

लमाँटने घसा खाकरला. माइक जवळ ओढला.

"माझं नाव लमाँट बिगर्स. याच कोर्टात मला विचारलं होतं, काही सांगायचंय का. मी नाही म्हणालो, कारण मला तसं शिकवलं होतं. प्रुइटबाई तुरुंगात आल्या, पेन बाजूला ठेवलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर ऐकायचं म्हणून तोवर कुणीच विचारलं नव्हतं. त्यांना सांगितलं ते आज इथे सांगतो. मी तिथे नव्हतो. मी आईकडे होतो, तिचं गळकं सिंक दुरुस्त करत होतो." मग तो वर बघून म्हणाला, "बाई, आलं बघा रेकॉर्डवर."

सिंक. त्या खटल्याची फाइल मी तीन महिने बगलेत मारून हिंडलो होतो. हे सिंक मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मला रडू फुटलं, आणि रुमाल सापडेना म्हणून मी नववं पान वापरलं.

हॉल्डेनबाईंनी हळूच विचारलं, "मिस्टर पेट्रोस्की, तुम्हाला काही सांगायचंय?"

मी उभा राहिलो. "नाही, युवर ऑनर."

लमाँटने माझी बाही धरली आणि मला हळूच खाली बसवलं.