मी, चा-अमच्या किनाऱ्यावरची एकुलती सहाण

मित्रांनो, माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवून बघा. मध्ये थोडा खोलगटपणा लागेल. तो कोणी कोरलेला नाही. एका घरातल्या सासवासुनांनी आणि लेकींनी रोज लाकूड घासून तो पाडला आहे. मी एक जुनी सहाण आहे. तुमच्या देवघरात चंदन उगाळायला असते तशीच, पण अंगाने मोठी, भाकरीच्या तव्याएवढी. काठाला पाणी साठायला पन्हळ आहे आणि खाली तीन आखूड पाय.

माझ्यावर थनाखा उगाळतात. थनाखा हे आमच्या बर्मातले झाड. त्याचा तुकडा पाण्याच्या थेंबांवर फिरवला की सालीचा पिवळसर, गार लेप होतो. तो गालांना लावल्याशिवाय आमच्याकडची बाई कामाला बाहेर पडत नाही. ऊन कितीही असो, थनाख्याखालचा गाल गार राहतो.

माझा जन्म बर्मातल्या आराकान प्रांतातला, लेम्रो नदीच्या काठचा. तिथल्या पाथरवटाने मला छिन्नीने गोल केले आणि त्याच्या बायकोने वाळू घासून माझे तोंड गुळगुळीत केले. माझ्याबरोबर निघालेले काही दगड घाव सोसेनात, फुटले. मी फुटले नाही. तेव्हापासून मला स्वतःचा थोडा गर्व आहे, तो मी लपवत नाही.

एका नव्या नवरीच्या सामानातून मी या घरात आले. या घरात माझा मान मोठा. नव्या वर्षाच्या पाण्याच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या गावात गल्लीतल्या साऱ्या सहाणा एका मांडवात जमत. मुली ओळीने बसून थनाखा उगाळत, गाणी म्हणत, पोरे उगाच पाणी आणून देण्याच्या निमित्ताने घुटमळत. सकाळी तो सुगंधी लेप पाण्यात कालवून विहारात नेत आणि बुद्धाच्या मूर्तीला स्नान घालत. माझ्यावरचा लेप सगळ्यांत मऊ होतो हे साऱ्या गल्लीला ठाऊक होते. आधी माझ्याजवळ जागा धरायची, मग दुसरीकडे बघायचे, असा मुलींचा हिशेब असे.

पुढे गावात राहणे कठीण झाले. घरातला मुलगा था टुन, त्याची बायको म्रा सेइन आणि त्यांची मुलगी नू यांनी थायलंडला, समुद्रकाठच्या चा-अमला जायचे ठरवले. म्रा सेइनने मला जुन्या लुंगीत गुंडाळले, तेव्हा था टुन कपाळाला हात लावून बसला.

"अगं, लोक परदेशात जाताना कपडे नेतात. तू दगड घेऊन निघालीस. तिकडं काय दगडांचा दुष्काळ आहे?"

"दगड असतील. सासूबाईंची सहाण नसेल," ती म्हणाली.

था टुनची आई उंबऱ्यात बसली होती. ती गावातच राहणार होती. ती म्हणाली, "ने रे. बायको नेतोस तसा दगडही ने. दोघींत कमी बोलणारी सहाणच आहे."

असा मी देश बदलला. बसमधून, होडीतून, परत बसमधून, था टुनच्या खांद्यावरून. वाटभर तो कुरकुरला, पण मला एकदाही आपटले नाही, हे मी सांगितले पाहिजे.

चा-अमला आम्ही सोमजित नावाच्या थाई मावशींच्या घरामागच्या खोलीत राहू लागलो. था टुन माकुळे, म्हणजे स्क्विड, पकडणाऱ्या होडीवर कामाला लागला. ती होडी हिरवे दिवे लावून संध्याकाळी समुद्रात जाई आणि पहाटे परत येई. म्रा सेइन पर्यटकांच्या एका विश्रामगृहात चादरी धुई. चादरी इतक्या, की वाळत घातल्या की किनाऱ्यावर शिडे उभारल्यासारखे दिसे. आणि वाळू तर सगळीकडे. अंथरुणात, भातात, नूच्या वह्यांत, माझ्या पन्हळीत. म्रा सेइन रोज सकाळी आधी माझ्यातली वाळू झटके, मग चार थेंब पाणी घाली आणि लाकूड गोल गोल फिरवू लागे. त्या घरातला दिवसाचा पहिला आवाज माझा असे. होडीवरून आलेला था टुन त्या आवाजावर झोपी जाई.

नूच्या दोन्ही गालांवर म्रा सेइन पानाच्या आकाराचा लेप लावी आणि तिला थाई शाळेत पाठवी. पहिले काही महिने तो लेप संध्याकाळपर्यंत टिकला. मग एक दिवस पोर कोऱ्या तोंडाने घरी आली.

"लेप कुठं गेला?" आईने विचारले.

"शाळेच्या नळावर धुतला. वर्गात मला पिठाचं तोंड म्हणतात."

"मग सांगायचं, पीठ नाही, आमच्याकडच्या झाडाची साल आहे."

"तू ये सांगायला," नू म्हणाली आणि दप्तर टाकून समुद्रावर निघून गेली.

त्यानंतर ती सकाळी गाल पुढे करी, पण डोळे मिटून, औषध घेतल्यासारखी. मला ते लागले. मी दगड असले तरी कोणासाठी झिजते आहे एवढे मला कळते.

धक्क्यावर आमच्या आराकानची आणखी काही घरे होती. त्यांतल्या कोणीही सहाण आणली नव्हती. बायका बाजारातली डबीतली थनाखा पावडर वापरत आणि नाक मुरडत. म्हणजे त्या साऱ्या किनाऱ्यावर आमच्या लोकांची सहाण एकच, आणि ती मी. म्रा सेइनने ठरवले, यंदा सणाच्या आदल्या संध्याकाळी आपल्या अंगणात उगाळणे करायचे. सगळ्या पोरींना बोलवायचे. नू आता वयात आली होती, तेव्हा पहिले लाकूड तिने धरायचे.

"गावाबाहेर आलो म्हणून गाव सुटलं असं नको व्हायला," ती शेजारणीला म्हणाली. "पोरीनं एकदा हातात धरलं की झालं."

पोरीने धड उत्तर दिले नाही. हो नाही आणि नाहीही नाही. त्या घरात तेवढीच एक काळजी होती आणि ती माझ्यापाशी येऊन अडली होती.

आणि नेमका तेव्हा था टुनने घोळ घातला.

आमच्या आराकानच्या माणसाला मिरचीशिवाय घास उतरत नाही. थाई लोक तिखट खातात म्हणे, पण था टुन त्यांच्या रश्शाला लहान मुलांचे जेवण म्हणे. एक दिवस होडी निघाली नाही. बायको कामावर, मुलगी बाहेर, घरात भात तयार. त्याने मिरच्या भाजल्या, लसूण भाजला, कोळंबीचा आंबवलेला खारा गोळा काढला. पण वाटणार कशावर? खलबत्ता सोमजित मावशींकडे, आणि मावशी दुपारच्या झोपेत. त्याची नजर घरभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

मित्रांनो, थनाख्याच्या सहाणेवर मिरची वाटणारा माणूस माझ्या आयुष्यात मी तो एकच पाहिला. त्याने बाटलीच्या बुडाने माझ्यावर सगळे रगडले, पोटभर जेवला आणि मला दोन तांबे पाण्याने धुऊन जागेवर ठेवले. त्याला वाटले, झाले स्वच्छ. मी सच्छिद्र दगड आहे. मी पाणी पिते तशी मिरचीही प्याले.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्रा सेइनने उगाळले आणि नूच्या गालांवर पाने काढली. पोर आरशाकडे वळते न वळते तोच किंचाळत नळाकडे धावली. गाल लाल, डोळ्यांत पाणी. म्रा सेइनने बोट माझ्यावर फिरवून जिभेला लावले. मग ती झोपलेल्या नवऱ्याजवळ गेली.

"अहो, उठा. काल जेवायला काय केलं होतंत?"

"चटणी," तो झोपेतच म्हणाला.

"कशावर वाटलीत?"

त्यावर मात्र तो जागा झाला.

नू ओल्या तोंडाने दारात उभी होती. "बास. मी आता हे कधीच लावणार नाही," ती म्हणाली. "आणि सणाला मी बसणारही नाही."

ज्या दगडावर मिरची आणि मासळी वाटली, त्यावर बुद्धाच्या स्नानाचा लेप कसा उगाळायचा? म्रा सेइनने मला उचलून मागच्या दाराशी, धुण्याच्या बादलीजवळ ठेवले. शेजारणीला निरोप गेला, यंदा जमत नाही. मी तिथेच पडले. सोमजित मावशींनी एक दिवस माझ्यावर गवती चहाची कुंडी ठेवली. त्यांचा काही दोष नाही. त्यांना वाटले, टाकलेला दगड आहे. दुपारी एक बोका कुंडीला टेकून झोपे. माझ्या आयुष्यात इतके दिवस माझ्या तोंडावर पाण्याचा थेंब पडला नाही असे कधी झाले नव्हते. तरी मी मान खाली घातली नाही. घावाला न फुटलेला दगड बोक्याला काय भिणार?

शेवटी म्रा सेइनने गावाला फोन लावला. नूच्या आजीने सगळे शेवटपर्यंत ऐकून घेतले.

मग म्हणाली, "माझ्या पोटी हा असा कसा निपजला?"

"आई, मी इथंच आहे, ऐकतोय," था टुन म्हणाला.

"ऐक. नीट ऐक. दगड कधी कायमचा खराब होत नसतो. तिखट जाईपर्यंत घासायचा. समुद्र दाराशी आहे, वाळू आहे, अजून काय पाहिजे? पण म्रा सेइन, तू हात लावायचा नाहीस. ज्यानं वाटलं त्यानं घासायचं."

"आणि तिखट गेलं हे कळायचं कसं?" म्रा सेइनने विचारले.

"त्याच्याच गालावर. लेकीचा गाल भाजला ना? आता बापाचा घ्या. रोज उगाळायचं, रोज लावायचं आणि तसंच कामाला जायचं. बुद्धाला लावायचं आहे ते. घाईघाईत पास करायचं नाही."

त्या दिवसापासून होडीवरून उतरला की था टुन मला खांद्यावर घेऊन ओहोटीच्या पाण्यात जाई. ओंजळीने वाळू घेई आणि माझ्यावर रगडी. सोमजित मावशी एकदा पाय भिजवायला आल्या होत्या.

"दगडाला आंघोळ घालतोस?" त्यांनी विचारले.

"दगडाला नाही मावशी, स्वतःच्या जिभेला," तो म्हणाला.

मग घरी येऊन तो माझ्यापुढे मांडी घालून बसे आणि लाकूड घाशी. त्याच्या हाताला ते काम ठाऊक नव्हते. जाळी ओढल्यासारखे पुढे-मागे ओढी. पहिल्या दिवशी गालाला लेप लावताच तो अंगणभर नाचला. त्याच तोंडाने संध्याकाळी होडीवर गेला. आमच्याकडचे मोठे पुरुष लेप क्वचितच लावतात, आणि हा तर भिंत सारवल्यासारखा लावलेला. सोबतचे कशाला सोडतात?

"काय था टुन, लग्नाला निघालास की काय?"

"याला बघून माकुळं हसतील आणि जाळ्याबाहेर पडतील."

त्याने लेप पुसला नाही. रोज घासत राहिला, रोज लावत राहिला. भाजणे कमी झाले, मग नुसती चुणचुण उरली, मग तीही गेली. त्याने फोन करून आईला सांगितले. आजी म्हणाली, "आणखी काही दिवस लाव. तिखट उशिरा बोलतं."

एक दिवस तो बाजारातून किनाऱ्याच्या वाटेने येत होता. शाळेला सुट्टी होती. वाळूत नू आणि तिच्या वर्गातल्या मुली बर्फाचा गोळा खात बसल्या होत्या. हे मला नंतर म्रा सेइनच्या बोलण्यातून कळले. एका मुलीने विचारले, "नू, तुझ्या वडिलांच्या तोंडाला काय झालं?"

नूने मान खाली घातली. था टुन थांबला. त्याची थाई भाषा मोडकीतोडकी, पण तो ताठ उभा राहून म्हणाला, "माझ्या आईची सहाण आहे. ती बरी होतेय. मी रोज तपासतो. तुम्हाला लावायचं असेल तर घरी या." आणि पिशवी सावरून चालू लागला. न वाकता, न तोंड पुसता.

त्या संध्याकाळी होडीवर जाण्याआधी तो माझ्यासमोर बसून लाकूड ओढत होता. नू दारात उभी राहून बघत होती. बराच वेळ तिने सहन केले.

"आबा, तू चुकीचं करतोयस. असं पुढे-मागे नाही. गोल."

"गोलच करतोय."

"गोल असं असतं? सरक."

तिने त्याच्या हातातून लाकूड घेतले. चार थेंब पाणी घातले आणि मनगट सैल सोडून फिरवू लागली. आईला रोज डोळे मिटून ऐकता ऐकता तिने सगळे शिकून घेतले होते. माझ्या पाठीवरच्या खोलगटपणात लाकूड अलगद बसले. लेप मलईसारखा निघाला. नूने बोटभर उचलला, थोडा वेळ बघितला आणि आधी स्वतःच्या गालाला लावला.

"भाजतं का?" था टुनने विचारले.

"नाही."

म्रा सेइन चुलीपाशी होती. तिने लगेच हात पुसले आणि ती शेजारणीकडे, सणाचे जमले म्हणून सांगायला निघाली.

सणाच्या आदल्या संध्याकाळी अंगणात माझ्याभोवती मुलींचा घोळका बसला. सहाण एक आणि हात पुष्कळ, म्हणून पाळ्या लावाव्या लागल्या. पहिले लाकूड नूने धरले. सकाळी माझ्यावरचा लेप पाण्यात कालवून चा-अमच्या विहारात गेला आणि बुद्धाच्या खांद्यांवरून वाहिला. थाई लोकांचाही तोच सण असतो आणि त्यात सगळे गाव एकमेकांच्या गालांना पांढरी माती फासते, त्यामुळे आमचे गाल कोणाला वेगळे दिसले नाहीत. सण संपला, गावाने तोंडे धुतली. पुढे शाळा उघडली. त्या सकाळी नू आईच्या आधी उठून माझ्यापुढे बसली, दोन्ही गालांवर स्वतःच्या हाताने पाने काढली आणि शाळेला गेली. संध्याकाळी ती पाने गालांवर तशीच होती.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे काही असेल. पाटा असेल, वरवंटा असेल, पितळेचा तांब्या असेल. त्याच्याकडून त्याचे काम घ्या, भलते काम घेऊ नका. आणि चुकून घेतलेच, तर त्याला मागच्या दाराशी ठेवून देऊ नका. ज्याच्या हातून बिघडले त्यानेच बसून घासावे. लाज वाटेल, लोक हसतील, घासत राहावे. मी दगड आहे. झिजून संपायला मला अजून पुष्कळ पिढ्या लागतील. तेवढा काळ रोज सकाळी कोणाचा तरी हात माझ्यावर फिरावा, एवढेच माझे मागणे आहे.