हॉर्नचा खोका

भुकटी यायची थांबली म्हणून मी माझ्या भावाचे उपकार मानले होते. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

आमचा धंदा जुन्या गाड्या मोडायचा. अपघातात चेपलेल्या, विमा कंपन्यांनी टाकून दिलेल्या, म्हाताऱ्या झालेल्या गाड्या आवारात येतात. त्यांचे दरवाजे, दिवे, सीट, आरसे आम्ही सुटे करून विकतो, उरलेला सांगाडा भंगारात जातो. नवरा गेला तेव्हा माझी मुलगी बबडी नुकती कुठे शाळेत जायला लागली होती. दादा म्हणाला, "रडत बसू नकोस. उद्यापासून माझ्या ऑफिसात बस, गिऱ्हाईक सांभाळ. मी आहे ना." आणि होता हो, खरंच होता. बबडीला सायकल त्यानं शिकवली, तिचं गणित त्यानं घेतलं, कॉलेजच्या हॉस्टेलवर पहिल्यांदा सोडायलाही तोच गेला. दादाबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी अंगावर धावून जायची. माझा स्वभावच तसा, तोंड आधी चालतं आणि डोकं मागाहून.

आता एअरबॅगचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लोकांना वाटतं स्टिअरिंगमध्ये नुसता फुगा असतो. फुगा असतोच, पण तो फुगवायला मागे धातूची एक डबी असते, मुठीएवढी. तिच्यात फटाक्याच्या दारूसारखं भडकणारं रसायन दाबून भरलेलं असतं. गाडी धडकली की डबीत ठिणगी पडते, रसायन पेटतं, आणि पापणी लवायच्या आत फुगा बाहेर. माणूस वाचतो. पण काही जुन्या डब्यांतलं रसायन वर्षानुवर्षं दमट हवा खाऊन बिघडतं. मग ते असं भडकतं की डबीच फुटते आणि तिचे तुकडे समोरच्याच्या गळ्यात, डोळ्यात घुसतात. कंपन्यांनी अशा गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या, पण आमच्या दारात येणाऱ्या खटाऱ्यांना कोण बोलावतंय? म्हणून नियम असा, की गाडी मोडायच्या आधी लांब वायर जोडायची, सगळ्यांनी लांब व्हायचं आणि बॅग उडवून टाकायची. आणि न उडवता कुठे पाठवायचीच झाली तर स्फोटकं नेतात तशी, वेगळ्या पेटीतून, वेगळ्या परवान्याच्या ट्रकमधून.

हे सगळं शिकवायला एक बाई आल्या होत्या. त्यांनी एक फुटलेली डबी सगळ्यांच्या हातात फिरवली. मी काही हात लावला नाही बाई. दादानं उलटीपालटी करून पाहिली आणि सगळ्यांत जास्त प्रश्न त्यानंच विचारले. केवढा अभिमान वाटला होता मला!

दर शनिवारी गिऱ्हाईक पांगलं की दादा मागच्या भिंतीआड बार उडवायचा. मी ऑफिसात कानात बोटं घालून बसायची. आवाजाचं मला काही नव्हतं, माझं भांडण होतं बॅग उडाली की पसरणाऱ्या पांढऱ्या भुकटीशी. मी सीटची कव्हरं धुऊन मागच्या दोरीवर वाळत घालते, धुतलेलं कव्हर चटकन विकलं जातं. त्या सगळ्यांवर बारची भुकटी बसायची आणि मी दादाच्या नावानं शंख करायची. "एकदा स्वतः धुऊन बघ, म्हणजे कळेल!"

मग एकदा भुकटी यायची थांबली. "वायर वाढवली. आता पार कोपऱ्यात नेऊन उडवतो, तुझी कटकट नको," दादा म्हणाला. मी खूश. आलं घालून चहा करून पाजला त्याला. बार तर नेहमीसारखे ऐकू येत होते, मग शंका कशाला येईल?

त्या शनिवारी बबडी सुट्टी संपवून दुपारच्या बसनं हॉस्टेलला निघाली. दादानं तिच्याजवळ एक खोका दिला. "हॉर्न आहेत. तिकडचा फिटर स्टँडवर घ्यायला येईल." यात नवीन काहीच नव्हतं. हॉर्नचे असे खोके मीही कितीदा पार्सल ऑफिसात पोचवले होते, भर उन्हात, माझ्याच गाडीच्या मागच्या सीटवर टाकून. ऑफिसात गिऱ्हाईक बसलं होतं, म्हणून बसमध्ये बसवून द्यायला दादा गेला. मी फाटकातूनच तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

तो परत आला आणि थोड्या वेळानं मागे बार सुरू झाले. वारा सुटला होता. दोरीवरचं एक कव्हर उडून भिंतीपलीकडे जाऊन पडलं. "दादा, थांब रे, मी येतेय!" असं मी ओरडले, पण त्याचा हवा भरायचा कॉम्प्रेसर चालू होता, त्याला काही ऐकू गेलं नाही. मी कडेनं डोकावून पाहिलं.

दादा एका गाडीच्या दाराआड स्टुलावर बसून मोबाईल बघत होता. कॉम्प्रेसरची नळी स्कूटरच्या एका जुन्या ट्यूबला लावलेली. ट्यूब फुगली, फुगली, तट्ट झाली आणि फुटली. तोच बार. दर शनिवारी मी कानात बोटं घालून ऐकायची तोच. त्याच्या पायाशी रबराच्या चिंध्यांचा ढीग पडला होता.

"हे काय चाललंय?" मी म्हणाले.

तो दचकला. मग हसला. हसला मेला! "अगं, बार ऐकू आले नाहीत तर तू दहा प्रश्न विचारशील. म्हणून आपलं."

"आणि बॅगा कुठायत?"

"ज्यांना लागतात त्यांच्याकडे. नव्या बॅगेचा भाव ऐकून लोकांचे डोळे पांढरे होतात. फिटर जुनी बसवून देतात. सगळ्यांचंच भागतं."

"पाठवतोस कशा?" विचारता विचारताच मला ते खोके आठवले. "दादा, हॉर्न?"

तो पायानं चिंध्या सरकवत राहिला.

"बबडीच्या खोक्यात काय आहे?"

"आवाज खाली घे आधी."

"काय आहे त्या खोक्यात?"

"अगं, प्रत्येक गाडीत ड्रायव्हरच्या छातीसमोर हेच असतं. सगळं जग घेऊन फिरतंय. काही होत नाही."

"जग धड असलेली, नीट आवळून बसवलेली घेऊन फिरतं! तू परत बोलावलेल्या, सडक्या काढल्यास, खोक्यात कोंबल्यास आणि पोरीच्या हातात दिल्यास! बस कुठे धडकली, पेटली, तर?"

"बस काय रोज पेटतात?"

कुंपणच शेत खातं म्हणतात, ते मी आजवर दुसऱ्यांच्या घरांबद्दल बोलत आले होते. ज्याच्या जिवावर मी निर्धास्त झोपत होते, त्यानंच केसानं गळा कापला. आणि वर मला विचारतो, रोज पेटतात का!

बबडीला फोन लावला. नुसती रिंग. ही पोरगी बसमध्ये बसली की कानात गाणी घालून झोपते, घर कोसळलं तरी उठायची नाही. मग बस कंपनीचा नंबर शोधायला लागले, तेव्हा दादानं माझं मनगट धरलं.

"ऐक माझं. संध्याकाळी बस पोचेल, खोका उतरेल, विषय संपला. तू आता तोंड उघडलंस तर पोलीस येतील. आवार जाईल, मी आत जाईन. मग खाशील काय?"

"संध्याकाळपर्यंत माझी पोर त्या खोक्याबरोबर?"

"आजवर इतके खोके गेले, कधी काही झालं?" मग त्याचा सूर एकदम मऊ झाला. "बरं, असं कर. औषध विसरलंय म्हणून सांग आणि बस थांबवायला लाव. मी गाडीनं जातो, खोका गुपचूप काढून आणतो. बोभाटा नको. तुझ्या पाया पडतो."

खोटं कशाला बोलू, क्षणभर माझं मन डळमळलं. आपलेच दात, आपलेच ओठ. पण डोळ्यांसमोर आलं, की गाडी थांबली म्हणून कुणीतरी सामान उपसतोय, आणि हॉर्नच आहेत म्हणून खोका धाडकन खाली आपटतोय. मी हात हिसडून सोडवला.

"तुमच्या बसच्या सामानात स्फोटक आहे," मी फोनवर सांगितलं. "माझ्या भावानं पाठवलंय."

"बाई, मस्करी करताय का?" पलीकडचा माणूस म्हणाला.

"सख्खी बहीण बोलतेय मी! मस्करी करायला मला दुसरं कुणी मिळालं नाही का? बस थांबवा, माणसं उतरवा आणि त्या खोक्याला हात लावू नका!"

दादा मटकन स्टुलावर बसला. मी त्याच्याकडे न बघता गाडी काढली.

बस हमरस्त्याच्या कडेला रिकामी उभी होती. पोलिसांनी फीत बांधली होती, प्रवासी लांब एका मोकळ्या जागेत उन्हात ताटकळत होते. जाड कोट घातलेली दोन माणसं तो खोका तान्हं मूल धरावं तसा धरून लांब नेत होती. मी पोचले तेव्हा साहेबांनी मला सांगितलं, "काही डब्या गंजून गेल्यात, वायरी उघड्या आहेत. नशीब तुमचं, बाई." कुणी पाठवलं, कुठून, सगळं त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. आवाराकडे पोलिसांची गाडी निघालीच होती म्हणे.

बबडी धावत आली आणि मिठी मारायच्या ऐवजी माझ्यावरच ओरडली. "तू मामाला पकडून दिलंस?"

"बबडी, त्या खोक्यात..."

"कळलं मला! पण मामाला ते माहीतच नसणार. कुणीतरी फसवलं असणार त्याला. मामा माझ्या हातात असलं काही देईल का? तूच सांग!" ती हुंदके देत होती. "माहीत असतं तर एवढी काळजी केली असती का त्यानं? माझी सीट शेवटची होती, सामानाच्या कप्प्याच्या बरोब्बर वर. मामा कंडक्टरशी भांडला, पुढे बसलेल्या एका आजींना उठवून माझ्या जागेवर बसवलं आणि मला त्यांची जागा दिली, ड्रायव्हरच्या मागची. म्हणाला, मागे तुला त्रास होईल."

तिचा हात मी घट्ट धरला.

"हे साहेबांना सांगशील?"

"सांगेन की. म्हणजे मामा सुटेल ना?"

"बबडी," मी म्हणाले, "तुला तिथून का उठवलं त्यानं?"

तिनं वळून बसच्या शेवटच्या खिडकीकडे पाहिलं. पलीकडे त्या आजी दगडावर बसल्या होत्या. बबडी आपल्याकडे बघतेय असं दिसल्यावर त्यांनी हसून पाण्याची बाटली पुढे केली. बबडीनं माझा हात सोडला आणि ती तिथेच, रस्त्याच्या कडेला, खाली बसली.